बावन्न भाव, एक पियानो आणि माझा फसलेला तक्ता

आपल्या मंडळाने 'कालिया मर्दन' दोनदा दाखवला. पहिल्यांदा पेटी-तबल्याच्या साथीने, आणि सात-आठ महिन्यांनी पियानोच्या साथीने. दोन्ही कार्यक्रमांनंतर चर्चा झाली ती फाळक्यांवर, ट्रिक सीनवर, मंदाकिनीच्या अभिनयावर. साथीवर कोणी फारसं बोललं नाही. "छान वाजवलं" एवढंच. आपल्या गावोगावच्या चित्रपटगृहांचे जे इतिहास आपण लिहितो त्यातही हेच होतं. 'मूकपटाच्या वेळी पडद्याजवळ बसून तबला-पेटी वाजवीत असत' असं एक वाक्य असतं आणि लेखक पुढे बोलपटाकडे जातो. मीही माझ्या दोन निबंधांत हेच वाक्य लिहिलेलं आहे. त्या एका वाक्यात एक अख्खा धंदा गाडला गेला आहे, आणि तो धंदा काय होता हे मला स्वतः तोंडघशी पडल्यावर थोडं कळलं. म्हणून हे टीकात्मक टिपण. त्यातली पहिली टीका माझ्यावरच.

झालं असं. पहिल्या कार्यक्रमाची साथ ठरवायचं काम माझ्याकडे आलं. मी पडलो स्थापत्य अभियंता; आयुष्य पुलांच्या कामावर गेलं. कोणतंही काम तक्त्याशिवाय सुरू करायचं नाही ही सवय. मी चित्रपट संगणकावर चार वेळा पाहिला, हातात स्टॉपवॉच घेऊन, आणि एकतीस ओळींचा तक्ता केला. अमुक मिनिट अमुक सेकंद, प्रसंग, भाव, राग, ताल. लोणीचोरीला पिलू, यमुनाकाठच्या आकांताला जोगिया, झुंजीला शंकरा. पेटीवाले आमचे जुने स्नेही. दशावतारी नाटकांत पंचवीस वर्षं वाजवलेले. त्यांनी तक्ता बघितला, चष्मा पुसला, "बरं," म्हणाले.

प्रत्यक्ष कार्यक्रमात आमच्या ऑपरेटरने दुसरीच प्रत लावली. तिचा वेग वेगळा. मी ज्या प्रतीवर वेळा घेतल्या होत्या त्यापेक्षा ती सावकाश चालत होती. पाचव्या मिनिटाला तक्ता आणि पडदा यांची फारकत झाली. पडद्यावर गोकुळातल्या खोड्या चालल्या असताना पेटीवर जोगिया रडू लागला.

वेगाचा हा मामला मूकपटाच्या बाबतीत मुळातला आहे, म्हणून जरा थांबतो. पस्तीस मिलिमीटरच्या एक फूट फिल्मवर १६ चित्रं बसतात. सेकंदाला १६ चित्रं या गतीने फिल्म चालवली तर एका सेकंदात बरोबर एक फूट जातो. 'राजा हरिश्चंद्र' सुमारे ३,७०० फूट होता. म्हणजे या गतीने ३,७०० सेकंद, एक तास आणि वर दीड-पावणेदोन मिनिटं. तोच चित्रपट बोलपटाच्या २४ चित्रांच्या गतीने चालवला तर एक्केचाळीस मिनिटांत संपतो. मूकपटाच्या काळात ही गती एकच अशी बांधलेली नव्हती. यंत्र हाताने फिरवणारा ऑपरेटर असे. त्याचा हात, मालकाची घाई, पुढच्या खेळाची वेळ यांवर गती ठरे. रीळ तुटलं की जोडताना चार चित्रं जात. अशा वस्तूवर सेकंदांचा तक्ता बसवणं म्हणजे भरती-ओहोटीच्या पाण्यावर खुणेची रेघ मारण्यासारखं.

पण तक्त्याची ही हौस माझी एकट्याची नव्हती हे मला नंतर कळलं, आणि जरा बरं वाटलं. अमेरिकेत १९०९ सालीच एडिसन कंपनी आपल्या चित्रपटांबरोबर कोणत्या प्रसंगाला कसलं संगीत वाजवावं याच्या सूचना छापू लागली होती. पुढे अशा सूचनांच्या पत्रकांचा सुळसुळाट झाला. आणि १९२४ साली न्यूयॉर्कच्या शर्मर प्रकाशनाने एक जाडजूड ग्रंथ काढला: एर्नो रॅपी यांचा 'मोशन पिक्चर मूड्स'. पियानो आणि ऑर्गन वाजवणाऱ्यांसाठी. रॅपी मूळचे बुडापेस्टचे, न्यूयॉर्कच्या मोठमोठ्या चित्रपटगृहांतल्या वाद्यवृंदांचे संचालक. ग्रंथ पावणेसातशे पानांचा आहे आणि त्यात संगीताचे तुकडे बावन्न भाव-प्रसंगांखाली लावलेले आहेत. याची प्रत आता आंतरजालावर सहज वाचायला मिळते. मी ती उघडली आणि खरं सांगतो, प्रेमात पडलो. कारण प्रत्येक पानाच्या समासात सगळ्या भावांची यादी पृष्ठांकांसह छापलेली आहे. तुम्ही कोणत्याही पानावर असा, पडद्यावर आग लागली की डोळा समासात, आगीचं पान सापडलं, बोट तिथे. लोखंडी तुळयांच्या मापांचं हँडबुक आम्ही असंच वापरत होतो.

यादीही वाचण्यासारखी आहे. विमान, लढाई, पक्षी, पाठलाग, बडबड, लहान मुलं, अंत्ययात्रा, भीती, अधीरता, अंगाई, एकसुरीपणा, आगगाडी, पावित्र्य, समुद्रातलं वादळ, लग्न. भरतमुनींनी आठ स्थायी, तेहतीस व्यभिचारी आणि आठ सात्त्विक मिळून एकोणपन्नास भाव मोजले. रॅपींचे त्याहून तीन जास्त. पण भरताची यादी माणसाच्या आत काय चाललंय याची आहे. रॅपींच्या यादीत आतलं आणि बाहेरचं एकाच कपाटात ठेवलेलं आहे. शोक आणि आगगाडी शेजारी शेजारी. चित्रपटगृहातल्या माणसाला खरोखर असंच कपाट लागत असणार, त्यामुळे यात मी दोष काढत नाही. उलट प्रस्तावनेत रॅपी एक फार उपयोगी हिशेब मांडतात. त्यांच्या मते चित्रपटाचा एक तृतीयांश भाग हालचालीचा, एक तृतीयांश हालचाल नसलेल्या पण मनातल्या घडामोडींचा, आणि उरलेला एक तृतीयांश दोन्ही नसलेला, नुसता देखावा नि वातावरण. साथीदाराची खरी परीक्षा या तिसऱ्या भागात असते, कारण तिथे पडदा त्याला काहीच सांगत नाही.

माझी टीका दुसरीकडे आहे. रॅपींचं पुस्तक शोधण्याचा प्रश्न सोडवतं, जोडण्याचा सोडवत नाही. आगीचं पान सापडलं, आठ मात्रा वाजवल्या, तेवढ्यात पडद्यावर बाळ पाळण्यात. अंगाईचं पानही सापडलं. पण आगीच्या तुकड्यातून बाहेर कसं पडायचं? तो वेगळ्या सुरातला, वेगळ्या लयीतला, आणि लिहिणाऱ्याने त्याचा शेवट पुढच्या पानावर ठेवलेला. मध्येच तोडला तर ऐकणाऱ्याला ठेच लागते, पुरा केला तर बाळ मोठं होऊन शाळेत जातं. आमच्या धंद्यात तुळई क्वचित दगा देते, सांधा देतो. पुलाच्या दोन गाळ्यांमध्ये जी फट ठेवतात तिच्यावरून गाडी कशी जाते त्यावर ड्रायव्हर पुलाची परीक्षा करतो. बावन्न भावांच्या या भव्य पुलात सांध्यांचा विचारच नाही.

तो विचार आहे चार वर्षं आधी, १९२० साली बोस्टनहून निघालेल्या एका लहानशा पुस्तकात. एडिथ लँग आणि जॉर्ज वेस्ट यांचं हे पुस्तक पियानो-ऑर्गनवाल्यांसाठीच आहे, पण त्याचा रोख निराळा. साथीदाराची शिदोरी काय, तर पहिली गोष्ट चौकस मन, मग संगीतातली सूचकता: एका सुरावटीचा विस्तार, एका सुरातून दुसऱ्या सुरात जाणं, आणि आयत्या वेळी सुचवणं. एकच सुरावट घ्या आणि प्रसंग बदलला की तिची लय बदला, तिचा तीव्र-कोमल बदला, पण ती सोडू नका, असा त्यांचा धडा. ख्यालाच्या बढतीची सवय असलेल्या आपल्या कानांना हे लगेच पटतं. कपाटातून नवा जिन्नस काढण्यापेक्षा हातातला जिन्नस फिरवा. माझ्या मते एवढ्याशा पुस्तकात दोघांनी जे साधलं ते रॅपींना पावणेसातशे पानांत साधलं नाही. पण इतिहासाच्या पुस्तकांत रॅपींचं नाव जास्त येतं. तक्ता दाखवायला सोपा असतो, दुसरं काय.

या सांध्यांसाठी त्या काळच्या पियानोवाल्यांकडे एक हुकमी हत्यार होतं, त्याबद्दल चार ओळी लिहितो, कारण ते मला फार आवडलं. सप्तकातले बारा स्वर घ्या आणि दर तिसरा निवडा: सा, कोमल ग, तीव्र म, शुद्ध ध. चारही एकदम दाबा. चौघांतलं अंतर सारखं, त्यामुळे यात घर कोणतं हे कानाला कळत नाही. पाश्चात्त्य संगीतात याला डिमिनिश्ड सेव्हन्थ म्हणतात. असे वेगवेगळे समूह बारा स्वरांत फक्त तीनच होतात, आणि प्रत्येकातून बाहेर पडायला अनेक दारं. कुठूनही आत या, कुठेही निघा. आमच्या भाषेत युनिव्हर्सल कपलिंग. खलनायक आला की पियानोवर हा समूह थरथरवायचा हे पुढे इतकं रूढ झालं की आज तो ऐकला तरी हसू येतं. पण त्याचं मूळ काम भीती दाखवण्याचं नव्हतं, दोन खोल्यांमधलं झुलतं दार होण्याचं होतं.

आता दुसऱ्या कार्यक्रमाकडे येतो. सासष्टीतल्या एक बाई, वय सत्तरीच्या पुढे. चर्चच्या शाळेत मेस्तांकडे सोल्फेज शिकलेल्या, पुढे आयुष्यभर क्वायरला पियानो आणि ऑर्गन वाजवलेला. त्यांच्या आजोबांचे भाऊ मुंबईला एका चित्रपटगृहात व्हायोलिन वाजवायचे असं घरात बोललं जाई. गोव्यातल्या पारोकियाल शाळांनी सुरांची लिपी वाचणारी माणसं पिढ्यान् पिढ्या तयार केली आणि ती मुंबईच्या बँडांत, नाचघरांत आणि मूकपटांच्या वाद्यवृंदांत जाऊन बसली, हे आता चांगलं नोंदलं गेलेलं आहे. तक्त्यातून मी काहीच शिकलो नव्हतो, म्हणून यांच्यासाठीही एक सुधारित तक्ता करून नेला. या वेळी सेकंद नव्हते, नुसते प्रसंग आणि भाव. बाईंनी तो शांतपणे घडी करून परत दिला. "इंजिनियर बाब, हो कागद म्हाका नाका. म्हाका तें चेडूं दिसपाक जाय." कागद नको, ती मुलगी मला दिसली पाहिजे. आणि त्यांनी पियानो हलवायला लावला. आम्ही तो नेहमीच्या गायनाच्या कार्यक्रमासारखा प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवला होता. वाजवणाऱ्याला पडद्याकडे पाहायला मान पूर्ण वळवावी लागली असती. आम्ही चौघांनी तो ढकलत भिंतीला आणला. चित्रपट त्यांनी आधी दोनदाच पाहिला होता.

ती मुलगी म्हणजे मंदाकिनी. १९१९ सालच्या या चित्रपटात फाळक्यांनी कृष्णाचं काम आपल्या मुलीला दिलं. चित्रपट सुरू होतो तोच तिच्या मुद्राभिनयाने. सात वर्षांची पोर कॅमेऱ्यासमोर एकामागून एक चेहरे करून दाखवते आणि मग तिचाच कृष्ण होतो. साथीदाराला याहून कठीण सुरुवात शोधून सापडायची नाही. दर काही सेकंदांनी भाव बदलतो. रॅपींचं पुस्तक पुढ्यात असतं तर पानं उलटण्याचाच आवाज ऐकू आला असता. पहिल्या कार्यक्रमात आमच्या पेटीवाल्यांनी माझ्या तक्त्याप्रमाणे प्रत्येक चेहऱ्याला वेगळी सुरावट द्यायचा प्रयत्न केला. दरवेळी अर्धा श्वास उशीर. चेहरा हसून पुढे गेला की पेटी हसायची. प्रेक्षकांना ते विनोदी वाटलं, आणि फाळक्यांना तिथे विनोद अपेक्षित असेल असं मला वाटत नाही.

बाईंनी डाव्या हाताने तीन मात्रांचा एक साधा ठेका धरला. तो त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. तबल्याच्या एकल वादनाला पेटीवर लेहरा धरतात, अगदी तसा. लेहऱ्याचं काम काही सांगण्याचं नसतं, जमीन देण्याचं असतं. उजव्या हातात एक चार-पाच स्वरांची ओळ, मुलांच्या खेळगाण्यासारखी. चेहरा बदलला की ती ओळ बदलायची नाही, फक्त तिचा एखादा स्वर उतरायचा, एखादा लांबायचा. रागावलेल्या चेहऱ्याला तर त्यांनी काहीच केलं नाही, ठेका चालू ठेवून उजवा हात मांडीवर ठेवला. आणि त्यामुळे झालं असं की आपण भाव मोजायचं सोडून त्या पोरीकडे बघू लागलो. ही मुलगी काहीतरी करून दाखवतेय, तिला मजा येतेय, आणि कॅमेऱ्यामागे तिचा बाप आहे, हे मला सहाव्यांदा चित्रपट पाहताना पहिल्यांदा जाणवलं. लँग आणि वेस्ट यांचा धडा हाच, पण या बाईंनी ते पुस्तक पाहिलेलं नाही. क्वायरमध्ये पाद्री वेदीपाशी पोचेपर्यंत ऑर्गन लांबवत राहायचं असतं, ते काम त्यांनी पन्नास वर्षं केलंय.

यमुनेचा प्रसंग हा या चित्रपटाचा गाभा. कृष्ण उडी घेतो, खाली काळियाशी झुंज, वर काठावर गोकुळ हवालदिल; आणि फाळके आपल्याला खाली-वर, खाली-वर फिरवत राहतात. माझ्या तक्त्यात पाण्याखाली वीर आणि काठावर करुण असं लिहिलेलं होतं, दरवेळी बदलायचं. कागदावर किती रास्त वाटतं! बाईंनी बदललंच नाही. पाण्याखालचं घुमणं त्यांनी काठावरच्या दृश्यांतही तसंच चालू ठेवलं, फक्त आवाज दबवला, जणू पाण्याचा थर मध्ये आला. पडदा काठ दाखवत होता आणि कान पाण्यातच होते. काठावरची माणसं ज्या गोष्टीसाठी तळमळत होती ती त्यांना दिसत नव्हती, आणि आपल्याला ती ऐकू येत होती. पडद्यावर जे आहे ते संगीताने पुन्हा सांगायचं कशाला? जे या क्षणी पडद्यावर नाही ते आणून ठेवायचं. दोन्ही कार्यक्रमांतून मी काही उचललं असेल तर हे.

दिमित्री शोस्ताकोविच तरुणपणी लेनिनग्राडच्या चित्रपटगृहांत पियानो वाजवून घरखर्चाला हातभार लावत असे. १९२९ साली त्याने 'न्यू बॅबिलॉन' या मूकपटासाठी रीतसर लिहून संगीत केलं, त्यात मुद्दाम पडद्याच्या उलट जाणाऱ्या जागा ठेवल्या. फ्रेंच राष्ट्रगीत आणि ऑफेनबाखचं नाचाचं संगीत एकमेकांत मिसळलं. अशी उलटी चाल पडद्यासमोर रात्रीच्या रात्री काढलेल्या माणसालाच सुचते असं मला वाटतं. गंमत अशी की ऐन वेळी चित्रपटाची कापाकापी झाली आणि लिहिलेलं संगीत पडद्याशी जुळेना. प्रदर्शन फसलं. माझ्या एकतीस ओळींच्या तक्त्याला निदान मोठ्या माणसाची सोबत आहे.

आता बाईंचे दोष. झुंजीत त्यांनी डाव्या हाताची थरथर इतकी चढवली की हॉलच्या खिडक्या वाजू लागल्या. एवढ्या लवकर तेवढं वर गेल्यावर शेवटच्या नृत्याला जायला जागा उरली नाही. मधल्या पाट्या वाचायला प्रेक्षकांना वेळ लागतो, आणि आमच्या हॉलमध्ये मागच्या रांगेतले आजोबा त्या नातवंडांना मोठ्याने वाचून दाखवत होते. मूकपटाच्या काळीही पाट्या अशाच कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवी. तेव्हा हात हलका करायला हवा होता. त्यांनी केला नाही. आणि शेवटी काळियाच्या फण्यावर कृष्ण उभा राहतो तिथे त्यांच्या बोटांतून भजनाऐवजी 'आमेन'ची चाल उतरली, प्रार्थना संपवताना चर्चमध्ये येते ती. काही सभासदांना ते रुचलं नाही आणि चहाच्या वेळी कुजबूज झाली. मलाही ते खटकलं, पण कारण वेगळं. 'आमेन' म्हणजे संपलं. पडद्यावर अजून हालचाल चालू होती. साथ चित्रपटाच्या आधी घरी पोचली. तीच चाल आणखी अर्ध्या मिनिटाने आली असती तर मी तक्रार केली नसती.

रॅपींच्या बावन्नात 'ओरिएंटल' नावाचा एक कप्पा आहे. पूर्वेकडचं जे काही असेल ते त्यात. पुढच्या वर्षीच्या आपल्या दुसऱ्या ग्रंथात त्यांनी सल्ला दिला की आधी चित्रपटाचा देश आणि भूगोल ठरवा, मग मुख्य पात्रांना एकेक सुरावट द्या. म्हणजे हिमांशू राय आणि फ्रान्झ ऑस्टेन यांचा १९२८ सालचा 'शिराझ' युरोप-अमेरिकेत कुठे लागला आणि साथीदार या सल्ल्याने गेला, तर ताजमहालाला कोणतं पान मिळणार हे सांगायला नको. यावर आपण नाक मुरडतो. पण माझ्या पहिल्या तक्त्यात काय होतं? कृष्ण दिसला की बासरीचा आभास, काठावर बायका दिसल्या की जोगिया. मीही एक कप्पा उघडला होता, फक्त पाटी मराठी होती. चर्चमधल्या बाईंनी कृष्णाला कृष्णाचं म्हणून काही दिलं नाही, एका द्वाड पोराचं दिलं. आपल्याकडचा गवळणकाला ज्यांनी पाहिला आहे त्यांना यातलं खरेपण लगेच कळेल; तिथेही पेंद्याचा धिंगाणा आधी येतो, देवपण मागून.

पेटीवाल्यांवर अन्याय नको. त्यांचा कार्यक्रम फसला तो माझ्या कागदाने. आणि त्या फसलेल्या संध्याकाळीसुद्धा एक क्षण असा होता की जो पियानोला जमला नाही. कृष्ण पाण्यात उडी घेतो त्या वेळी ते तक्त्यात कुठे आहेत हेच त्यांना कळेना. त्यांनी भाता सोडला, तबलजींना डोळ्याने खुणावलं, आणि दोघे थांबले. दहा-बारा सेकंद हॉलमध्ये पंख्यांशिवाय आवाज नाही. काठावरची माणसं पाण्याकडे बघतायत आणि आपणही. मग काळिया दिसला आणि त्यांनी कागद बाजूला सारून तबल्यावर उठान घेतली. पुढची पाच मिनिटं निखळ दशावतारी होती आणि पूर्ण संध्याकाळीतली सगळ्यात चांगली. नंतर मी क्षमा मागायला गेलो तर म्हणाले, "नाटकात राजा वाक्य विसरला तर तो माझ्याकडे बघतो, मी एक तान सोडतो, तो सावरतो. हा तुमचा कृष्ण माझ्याकडे बघतच नाही हो."

मूकपटाच्या साथीबद्दल याहून नेमकं वाक्य मी कुठल्या ग्रंथात वाचलेलं नाही. आपण 'साथ' हा शब्द सहज वापरतो. पण ख्यालाच्या मैफलीत पेटी गायकाच्या मागे अर्धं पाऊल असते आणि गायक तिला ऐकत असतो; आवडलं तर मान हलवतो, नको असेल तर हात करतो. दशावतारात तर दोन्ही बाजू आयत्या वेळी बोलत असतात. चित्रपट ऐकत नाही. तो थांबत नाही, वाट बघत नाही, चुकला तर सावरून घेत नाही. मग हे आयत्या वेळचं सुचणं कोणाला उत्तर देतं? माझ्या मते प्रेक्षकांना. बाई पडद्याकडे बघत होत्या, पण कान मागे होता. पहिली मुलं हसली तेव्हा त्यांनी ती ओळ पुन्हा घेतली; कोणी हसलं नसतं तर घेतली नसती. ध्वनिमुद्रित संगीत लावून मूकपट दाखवतात तेव्हा हा दुवाच तुटतो. संगीत कितीही चांगलं असो, तेही चित्रपटासारखंच बहिरं होतं. हॉलमध्ये मग दोन बहिरी यंत्रं आणि मध्ये आपण.

इथे एक सावधगिरीची सूचना. मूकपट कधीच मुका नव्हता, यंत्राचा खडखडाट झाकायला पहिल्या दिवसापासून संगीत असायचंच, असं सर्रास लिहितात. रिक ऑल्टमन या अमेरिकन अभ्यासकाने २००४ सालच्या आपल्या ग्रंथात हे निदान अमेरिकेपुरतं खोडून काढलं आहे. सुरुवातीच्या वर्षांत तिथे कित्येक खेळ खरोखर शांततेत होत, काही ठिकाणी बाहेर गर्दी खेचायला बँड वाजे आणि आत काही नसे. तेव्हा आपल्या गावच्या तंबूतल्या खेळाबद्दल पुरावा नसताना पेटी-तबला लिहू नये. हे मी स्वतःलाच बजावतो आहे.

पुरावा कुठून येणार हाच प्रश्न आहे. आयत्या वेळी वाजवलेलं लिहून कोण ठेवतो? १४ मार्च १९३१ ला मुंबईत 'आलम आरा' लागला, पुढच्या वर्षी प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला, आणि पडद्यापुढची ही माणसं उठून गेली. लिपी येणारे गोंयकार पुढे बोलपटांच्या वाद्यवृंदांत शिरले, त्यांची थोडीफार नावं राहिली. कानावर वाजवणारे पेटीवाले नाटकाकडे, कीर्तनाकडे परतले असतील, त्यांची नाहीत. बाईंच्या घरी आजोबांच्या भावाची एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात हाताने उतरवलेल्या सुरलिपीच्या सात वह्या निघाल्या, दोन वाळवीने खाल्लेल्या. एका वहीत काही तुकड्यांच्या मध्येच पेन्सिलीने काट मारलेली आहे आणि काटेपाशी, छापील वाटावा इतक्या नीट, एक उभा समूह लिहिलेला: चार स्वर, सारख्या अंतराचे. झुलतं दार. हा माणूस आगीच्या पानातून बाहेर कसा पडत होता ते त्या काटांवरून वाचता येतं, आणि आम्ही सध्या तेच करतो आहोत. वह्यांची छायाचित्रं घेऊन झाली आहेत. अशी पत्र्याची पेटी आणखी कोणाच्या माळ्यावर असेल तर रद्दीवाल्याच्या आधी मंडळाला कळवावं. एका दिवसात परत करू, वाहून न्यायलाही आम्हीच येऊ.